थेंब आपोआप पडू द्या

प्रश्न : ताई, मी ६१ वर्षांची. दोन वर्षांपासून मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. मधुमेह आहे. घरीच बोटातून रक्त काढून लॅबला पोस्टाने पाठवायचा संच मुलाने मागवला, एचबीए१सी (साखरेची तपासणी) आणि थायरॉइडसाठी. पहिल्यांदा ‘रक्त अपुरं’ असं कळवलं, दुसऱ्यांदा ‘नमुना हिमोलाइज्ड’. दाबून दाबून बोट काळंनिळं झालं. माझ्या अंगात रक्तच कमी आहे का? जीव घाबरा झालाय.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : ती भीती आधी मनातून काढा. बोटातून रक्त आलं नाही म्हणजे अंगात रक्त कमी, असं नसतं. सांगलीत तीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त घेतलं. ऊसतोडीच्या बायकांची बोटं इतकी राठ असायची की सुई टोचूनही थेंब दिसायचा नाही. त्यांनाही हेच वाटायचं, आणि हिमोग्लोबिन चांगलं बारा निघायचं.

तुमचं रक्त बिघडलं ते दाबण्यानेच. हिमोलाइज्ड म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या. नळी यंत्रात फिरवली की वर येणारं पाणी पिवळसर, नितळ दिसायला हवं. पेशी फुटल्या की ते आमसुलाच्या पाण्यासारखं लाल दिसतं. पेशींच्या आतलं सगळं त्यात सांडलेलं असतं, म्हणून लॅबवाले तो नमुना घेत नाहीत. शिवाय बोट पिळलं की मांसातलं पाणीही रक्तात उतरतं आणि रक्त पातळ होतं.

म्हणून सगळी मेहनत टोचण्याआधी करा. तिथली थंडी मोठी, गार हातातून रक्त येणारच नाही. सकाळी दोन पेले पाणी प्या, घरात थोडं चाला, मग तीन-चार मिनिटं हात सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा. पंजा लालसर झाला पाहिजे. हात नीट कोरडा करा. ओल्या बोटावर थेंब धरत नाही, पसरतो.

बोट मधलं किंवा करंगळीशेजारचं घ्या. बरोबर टोकावर नाही, किंचित कडेला टोचा. संचातली सुई एकदाच सुटते आणि हलक्या हाताने धरली तर वरवर ओरखडते. बोटावर घट्ट दाबून धरा, मगच कळ दाबा. पहिला थेंब कापसाने पुसून टाका. मग उभ्या राहा, हात खाली सोडा आणि नळी मुलाला धरू द्या. थेंब फुगून स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. धार थांबली तर तळव्याकडून बोटाकडे हलकेच हात फिरवा, टोक पिळू नका. तरी थांबलंच तर दुसरं बोट घ्या, नवी सुई घ्या. अर्धा मिली भरायला दहा-पंधरा थेंब लागतात, घाई करू नका.

कागदावर वेगळं लिहिलं नसेल तर जांभळ्या टोपणाची नळी आधी भरा, कारण त्या रक्ताची गुठळी झाली की ते वाया जातं. भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, खळखळवू नका. आणि एका नळीतलं रक्त दुसरीत मुळीच ओतू नका. जांभळ्या नळीत औषध असतं, ते दुसरीत गेलं की तिथले आकडे चुकतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधी बंद ठेवा, थायरॉइडचा रिपोर्ट त्याने फसू शकतो. मधुमेहाच्या गोळ्या मात्र चुकवू नका. एचबीए१सीला उपाशी राहायची गरज नाही, तो दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब असतो. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्यांदाही जमलं नाही तर बोटाचा छळ थांबवा. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलेलं असेलच, तिथे सांगून दंडाच्या शिरेतून रक्त द्या. मधुमेहाची ही तपासणी तिथे तशीही होते.

आणि पाकीट शुक्रवारी टाकू नका, शनिवार-रविवार वाटेतच पडून राहू शकतं. सोमवारी सकाळी रक्त घ्या आणि त्याच दिवशी टाका.