किल्ल्यावर सोलरवर हॅम रेडिओ चालवायचाय, पॅनल आणि बॅटरी किती मोठी लागेल?

५ वॉटचा क्यूआरपी (म्हणजे कमी पॉवरचा) सेट असेल तर २० वॉटचं पॅनल आणि ६ एएच (अँपिअर-तास) ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बास होते. असा सेट नुसता ऐकताना साधारण ०.४ अँपिअर खातो, बोलताना २ च्या आसपास, आणि आपण पाव वेळच बोलतो असं धरलं तर सरासरी ०.८ येते, म्हणजे ५ तासांना ४ एएच, त्यात कडक ऊन असेल तर पॅनल वरून १ अँपिअर देतच राहतं. १०० वॉटचा सेट मात्र बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो, तो पाठीवर नेऊच नका.

पॅनल थेट रेडिओला कधीच जोडायचं नाही, मोकळं असताना त्याचं व्होल्टेज २१-२२ पर्यंत जातं आणि सेट १३.८ साठी बनलेला असतो. मध्ये बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारा करंट-व्होल्टेज आवरणारी डबी) हवाच.

खरी डोकेदुखी हा कंट्रोलरच आहे! स्वस्तातले कंट्रोलर ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इतका खरखराट करतात की लांबचं स्टेशन त्यात बुडून जातं. पॅनलची वायर काढून बघा, एस मीटर (सेटवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) खाली आला तर दोषी तोच. मग वायरींना फेराइट (खरखराट अडवणारी चुंबकीय कडी) लावा, कंट्रोलर अँटेनापासून लांब ठेवा, तरी नाही जमलं तर ऐकताना पॅनल सरळ काढून टाका, बॅटरी तेवढी पुरते.

अँटेना ४० मीटर बँडसाठी २० मीटर वायर, हलक्या फायबरच्या काठीवर उलट्या व्हीसारखी. पॅनलवर काठीची सावली पडू देऊ नका, एका कोपऱ्यावर पडली तरी करंट धाडकन उतरतो.

आणि हॅम रेडिओचं लायसन्स सोबत ठेवा.