इसब, एएनए आणि स्वप्रतिपिंडे: वाचकांच्या शंका

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलीला लहानपणापासून कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे अॅटोपिक इसब आहे. यंदा रक्त तपासले, तेव्हा एकूण आयजीई (अॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे) २४०० आणि एएनए (पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे) १:३२० पॉझिटिव्ह, ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’ असे आले. हा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) तर नाही? इसबातही स्वप्रतिपिंडे (स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे) असतात म्हणे, मग तीही तपासून घ्यावीत का?

उत्तर: नुसत्या या रिपोर्टवरून ल्युपस म्हणता येत नाही. उलट ज्या ओळीने तुम्ही घाबरलात, तीच बरीचशी दिलासा देणारी आहे.

एएनए करताना काचेवर वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाकतात आणि प्रतिपिंडे कुठे चिकटली ते चमकणाऱ्या रंगावरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुमच्या मुलीच्या नमुन्यात पेशीकेंद्र बारीक, दाट ठिपक्यांनी भरलेले दिसते आणि विभाजन होत असलेल्या पेशीतला गुणसूत्रांचा पट्टाही तसाच ठिपक्यांनी उजळतो. हे बहुधा डीएफएस-७० या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होते. ती निरोगी माणसांतही सापडतात. जपानमधल्या इसबाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात ती सुमारे ३० टक्के रुग्णांत होती.

अडचण एकच. ल्युपसमध्ये नेहमी दिसणाऱ्या ‘होमोजिनियस’ नमुन्यातही तो पट्टा उजळतो आणि घाईत पाहिले की गल्लत होते. म्हणून डीएफएस-७० ची स्वतंत्र तपासणी, एलायझा किंवा इम्युनोब्लॉट पद्धतीने, करून घ्या. सोबत डीएसडीएनए व ईएनए (ल्युपससारख्या आजारांतल्या ठरावीक प्रतिपिंडांच्या तपासण्या), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीतले प्रथिन. डीएफएस-७० एकटेच पॉझिटिव्ह आले, सांधे सुजणे, तोंडात व्रण, उन्हाने उठणारे चट्टे किंवा रेंगाळणारा ताप यांतले काही नसले, तर ल्युपसची शक्यता फारच थोडी राहते. मग एएनए दर सहा महिन्यांनी करत बसू नका. टायटर (१:३२० सारखा आकडा) वर-खाली झाल्याने इसबाचे उपचार बदलत नाहीत.

आता इसबातली स्वप्रतिपिंडे. खाजवून त्वचेच्या पेशी फुटतात, आतली प्रथिने बाहेर पडतात आणि काही रुग्णांचे शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई बनवू लागते. मॅलासेझिया ही त्वचेवरची बुरशीही याला हातभार लावते, कारण तिची काही प्रथिने आपल्या प्रथिनांसारखीच असतात. अशी आयजीई तीव्र आणि जुनाट इसबात जास्त आढळते. पण वेगवेगळ्या अभ्यासांत तिचे प्रमाण २३ पासून ९१ टक्क्यांपर्यंत आले आहे, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि रुग्णही वेगळे. इतक्या डळमळीत आकड्यावर औषध ठरवता येत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: नेहमीची एएनए तपासणी आयजीजी या वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे शोधते, आयजीई नव्हे. त्यामुळे तुमच्या हातातला रिपोर्ट या दुसऱ्या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. आयजीई २४०० आहे म्हणून दूध, अंडी, गहू बंद करू नका. वाढत्या वयाच्या मुलीचे त्यात नुकसानच होते.

प्रश्न: मग इसब किती वाढला आहे, हे रक्तावरून कळतच नाही का?

उत्तर: त्यातल्या त्यात टीएआरसी हे इसब वाढला की रक्तात वाढणारे प्रथिन उपयोगी ठरले आहे. जपानमध्ये २००८ पासून ते विम्याखाली तपासले जाते. तिथे प्रौढांत ४५० पिकोग्रॅम प्रति मिलीपेक्षा कमी आणि दोन वर्षांवरच्या मुलांत ७४३ पेक्षा कमी असे सामान्य मानतात. मात्र रक्त गोठताना प्लेटलेटमधूनही टीएआरसी सुटते, म्हणून सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) जास्त येतो. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी नमुना कोणता होता ते पाहा.

घरी मात्र त्वचा स्वतःच मोजा. कोणत्या भागावर, किती लाल, किती जाड, रात्री किती वेळा जाग आली, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहा आणि त्याच उजेडात फोटो काढा. मलम पुरेसे लागते का, तेही तपासा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या कित्येक घरांत १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवलेली असते. मॉइश्चरायझरचेही तसेच: अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत लागू शकते. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकून, अंग टिपून, ओलसर असतानाच ते लावा.