एक गोदाम बंद करण्याआधी सिम्युलेशनमध्ये काय तपासावं?

तीन गोदामांपैकी एक बंद केलं तर उरलेली दोन भार पेलतील का, एक्सेलमध्ये तर सगळं बसतंय, असं तुम्ही विचारलंय. एक्सेलमध्ये बसणारच, कारण तिथे गाड्या सरासरीने येतात. प्रत्यक्षात घोळक्याने येतात. एक डॉक (गाडी लावून माल उतरवायची जागा), गाडी रिकामी करायला सरासरी ३० मिनिटं, येण्याच्या आणि उतरवण्याच्या वेळा पूर्णपणे अनियमित, असं धरा. डॉक ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर रांगेत सरासरी २ तास जातात. ९० टक्क्यांवर साडेचार. काम आठव्या हिश्श्याने वाढलं आणि ताटकळणं दुपटीच्या पुढे गेलं!

म्हणून सिम्युलेशन, म्हणजे गोदामाचं काम संगणकावर लुटुपुटूचं चालवून बघणं. सुरुवातीला त्याच्या मॉडेलमध्ये फक्त गाड्या, डॉक, माणसं आणि स्टॉक घ्या. पायथॉनमधली सिमपाय ही मोफत लायब्ररी त्याला पुरते. प्रत्येक खोक्याचा माग ठेवायच्या फंदात पडू नका.

खरी मेहनत डेटावर आहे. विक्री म्हणजे मागणी नव्हे: माल संपलेल्या दिवशी विक्री शून्य दिसते, ते दिवस वेगळे काढा. लीड टाइमला (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस) नॉर्मल वक्र, म्हणजे सरासरीभोवतीचा घंटेच्या आकाराचा आलेख, लावू नका. त्यातून कधी ऋण दिवस निघतात आणि फार उशिरा येणाऱ्या खेपा जवळजवळ गायब होतात. जुन्या नोंदींतूनच आकडे उचलणं बरं.

मग आधी आजचीच तीन गोदामं चालवा, गेल्या तिमाहीच्या खऱ्या ऑर्डरी देऊन. डॉकवरची रांग आणि वेळेत गेलेल्या ऑर्डरी प्रत्यक्षाशी जुळायलाच हव्यात. जुळत नसेल तर बहुधा एखादा न लिहिलेला नियम सुटलेला असतो: तातडीची गाडी मध्येच घुसवली जाते, किंवा पूर्ण भरेपर्यंत गाडी सोडतच नाहीत. हे कागदावर सापडत नाही, एक अख्खी शिफ्ट डॉकवर उभं राहावं लागतं. ही पायरी गाळलेल्या मॉडेलवर माझा अजिबात विश्वास नाही.

रिकाम्या गोदामापासून सुरू केलंत तर आकडे स्थिरावेपर्यंतचे आठवडे निकालातून वगळा. तीन गोदामं आणि दोन गोदामं, दोन्ही पर्यायांचे २०-३० रन घ्या: प्रत्येक रनला वेगळं रँडम सीड (योगायोगाचे आकडे जिथून सुरू होतात तो अंक), पण दोन्ही पर्यायांना तेच. अनिश्चितता निम्मी करायची तर रन चौपट लागतात. सरासरीसोबत ९५वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९५ गाड्यांचं ताटकळणं ज्याच्या आत संपतं तो आकडा) बघा, तक्रारी तिथूनच येतात.

दोन गोदामं तिथे कोलमडली तरी लगेच नव्या डॉकचा खर्च मांडू नका. गाड्यांना ठरावीक वेळा देऊन तेच रन पुन्हा घ्या. घोळका फुटला की पुष्कळदा तेवढ्यानेच रांग आटोक्यात येते.