झेब्राफिश या गोड्या पाण्यातल्या माशाच्या भ्रूणात मूत्रपिंडाच्या पेशी कोणते जनुक घडवते?
कोणतेही एक जनुक नव्हे, तर क्रमाने कार्यरत होणाऱ्या अनेक जनुकांची साखळी या पेशी घडवते: भ्रूणाच्या मधल्या थरातील पेशींना पॅक्स२ए व पॅक्स८ मूत्रपिंडाची दिशा देतात, डब्ल्यूटी१ए रक्त गाळणाऱ्या पेशींसाठी लागते आणि एचएनएफ१बी मूत्रपिंडाच्या नलिकेचे निरनिराळे भाग पाडते. रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवताना मी याला जोडून रेटिनॉइक आम्लाचा (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या, पेशींना संदेश देणाऱ्या रेणूचा) प्रयोग सांगतो, कारण हा संदेश रोखला की नलिकेचा डोक्याकडील भाग घडत नाही आणि शेपटीकडील भाग वाढतो. भ्रूण पारदर्शक असल्याने तो बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. मात्र या भ्रूणात दोनच नेफ्रॉन (गाळणी व नलिका मिळून होणारे मूत्रपिंडाचे एकक) असतात, तर माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख, म्हणून हे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू करू नयेत.