अल्फा स्लॅब वन : ‘ई’ का बुजतो आणि शेजारचं मराठी किडकिडीत का दिसतं

प्रश्न थोडक्यात असा : चहाच्या दुकानाचं नाव अल्फा स्लॅब वन या जाडजूड इंग्रजी फॉन्टमध्ये, वेबसाइटच्या मथळ्यावर आणि आठ फुटी फ्लेक्सवर. इंग्रजीतले स्मॉल ई आणि ए नुसते ठिपके दिसतात, शेजारचं मराठी नाव बारीक पडतं. फॉन्ट बदलू का?

वेबसाइटवर बदलायची गरज नाही. अल्फा स्लॅब वन एकाच जाडीत मिळतो, ४००. आकडा साध्या अक्षराचा, अंग मात्र इतर फॉन्टांच्या ९००चं. वेबपानाच्या मुख्य मथळ्याची खूण, म्हणजे एच-वन टॅग, मुळातच बोल्ड असते. ब्राउझर बोल्डची फाइल शोधतो, ती नसते, मग आहे तेच अक्षर फुगवून खोटा बोल्ड तयार करतो. ई च्या पोटात, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेत, आधीच जेमतेम चीर, तीही मिटते. वेबसाइटच्या सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) एच-वनला फॉन्ट-वेट, म्हणजे जाडी, ४०० द्या आणि खोटा बोल्ड बंद करायला फॉन्ट-सिंथेसिस नन ठेवा. फोटोशॉपमधला फॉक्स (खोटा) बोल्ड किंवा उठाव यावा म्हणून कोरलड्रॉमध्ये त्याच रंगाची दिलेली आउटलाइन, दोन्हींनी हेच होतं.

मुळात हे अक्षर कशासाठी आहे ते बघा. ते बेतलंय लंडनच्या रॉबर्ट थॉर्न या खिळे घडवणाऱ्याच्या, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘सिक्स लाइन्स पायका इजिप्शियन’वर. पायका म्हणजे छपाईतलं १२ पॉइंटांचं माप. सहा ओळी पायका म्हणजे ६ गुणिले १२, ७२ पॉइंट, साधारण इंचभर उंचीचा छपाईचा खिळा. चार शब्द ओरडून सांगायचे एवढंच त्याचं काम. त्यामुळे स्क्रीनवर ३६ पिक्सेलच्या खाली तो वापरूच नका. मेनू, दर, पत्ता यांना रोबोटो स्लॅब घ्या. त्यात १०० ते ९०० जाड्या मिळतात.

अक्षरांमधलं अंतर कमी करायचा मोह आवरा. स्लॅबचे पाय, म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेल्या जाड पट्ट्या, आडव्या विटांसारखे असतात. अंतर उणे केलं की शेजारशेजारचे पाय चिकटून खाली सलग पट्टी दिसते. शून्य ते ०.०२ एम पुरे (एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं माप). पण हे अंतर अख्ख्या मथळ्याला लावलंत तर मराठीची शिरोरेखा अक्षरागणिक तुटते. मराठी शब्द वेगळ्या स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा करणाऱ्या टॅगमध्ये) ठेवून तिथे लेटर-स्पेसिंग, म्हणजे हेच अंतर, शून्य करा.

आता मराठी बारीक का दिसतं. या फॉन्टात देवनागरी नाहीच. विंडोजवर त्याच्या जागी बहुधा विंडोजचाच निर्मला फॉन्ट येतो आणि पैलवानाशेजारी शाळकरी पोरगा उभा राहतो. मराठीसाठी मुक्ता ८०० किंवा पॉपिन्स ९०० हे देवनागरी असलेले फॉन्ट घ्या. बलू २ सुद्धा ८०० पर्यंत जातो, पण त्याची गोल टोकं या चौकोनी पायांशी जुळत नाहीत. रोझा वनच्या बारीक रेषा दुरून नाहीशा होतात. देवनागरीला स्लॅबचे पाय जोडायच्या भानगडीत पडू नका. आडवा जोर शिरोरेखा देतेच. इंग्रजीइतका जाड काना शोधत बसण्यापेक्षा मराठी आकाराने वाढवा. तसंही महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मथळा दोन ओळींचा असेल तर इंग्रजीला ओळउंची १ चालते. मराठीला १.३ तरी द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो.

फ्लेक्सवर मात्र मी फॉन्टच्या बाजूने नाही. पाटीवाल्यांचा ठोकताळा असा : दहा फूट अंतराला एक इंच उंची. तो मोकळ्या पोटाच्या अक्षराला लागू पडतो. अल्फाला दीडपट धरा. साठ फुटांवरून वाचायचं तर नऊ इंच. नाव लांब असेल तर आठ फुटांत ते मावणार नाही. दोन वाटा आहेत : सगळं कॅपिटलमध्ये, कारण कॅपिटल ई ची पोटं उजवीकडे उघडी असतात, नाहीतर रोबोटो स्लॅब ८००. पाटी मागून उजळणारी असेल तर फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरं घ्या. उलट केलंत तर पांढऱ्या अक्षरांचा उजेड पोटातल्या गडद फटीवर पसरतो आणि ई पुन्हा बुजतो.

छपाईला देताना सगळं कर्व्ह्जमध्ये (अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये) बदला आणि त्यानंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. जुन्या कोरलमध्ये युनिकोडची मोडतोड होते, आणि ती सहसा फ्लेक्स टांगल्यावरच दिसते.