करातू: नुसतं झोपायचं गाव समजू नका

तुम्ही विचारलंय की एजंटने टांझानियाच्या सफारीत करातूला एक रात्र ठेवली आहे, तिथे बघण्यासारखं काही आहे का, की ती रात्र काढून सेरेंगेटीत वाढवावी? मी म्हणेन, काढू नका, जमलं तर आणखी एक वाढवा. कडधान्याच्या व्यापारामुळे त्या भागात माझं बरीच वर्षं जाणं-येणं आहे आणि करातूवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अरुशापासून डांबरी रस्त्याने साधारण १४० किमी. म्टो वा म्बू गाव मागे पडलं की गाडी रिफ्ट व्हॅलीचा, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांबलचक दरीचा, कडा चढायला लागते. वर पोचलात की हवा गार होते आणि माती एकदम लालभडक. गाव सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. न्गोरोंगोरोचं, म्हणजे वन्यप्राण्यांनी भरलेल्या ज्वालामुखीच्या विवराचं, गेट इथून जवळ आणि सकाळी ६ ला उघडतं, म्हणून सफारीच्या बहुतेक गाड्या रात्री इथे थांबतात. माणसं अंधारात येतात, अंधारात निघतात आणि आजूबाजूची शेती बघायची राहूनच जाते.

आणि शेती बघण्यासारखीच आहे. इथले बहुसंख्य शेतकरी इराक्व समाजाचे. मका हे मुख्य पीक, आणि मक्याच्या ओळींत आपली तूर! स्वाहिलीत तिला म्बाझी म्हणतात. आपल्याकडे कापसात, सोयाबीनमध्ये तूर घेतात तशीच. मार्च ते मेच्या मोठ्या पावसावर दोन्ही पिकं वाढतात, मका आधी निघतो आणि तूर मागे उभी राहते. एकदा मळणीच्या दिवसांत एका घरी गेलो होतो. अंगणात ताडपत्रीवर वाळक्या शेंगांचा ढीग, दोघीजणी काठ्यांनी झोडपत होत्या, लाल धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर बसलेली. घरच्या आजींनी मूठभर पांढरट टपोरे दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, तुम्ही लोक एवढी म्बाझी खाता तरी कशी? मी वरणभाताचं वर्णन केलं, फोडणीसकट. त्यांच्या घरी मका आणि घेवडा जास्त शिजतो. तूर मुख्यतः विकायची, आणि ती भारताला.

म्हणूनच २०१७ साल तिथे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी आपल्याकडे तुरीचं पीक प्रचंड आलं. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टमध्ये भारताने आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली, नेमकी तिकडची तूर बाजारात येण्याच्या वेळी. भाव कोसळले. माझ्या ओळखीच्या काही घरांनी पोती विकलीच नाहीत, कारण गाडीभाडंही सुटत नव्हतं. आपल्या शेतकऱ्याला आधार हवाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पेरणी झाल्यावर, पीक शेतात उभं असताना नियम बदलला की फटका कोणाला बसतो ते मी त्या अंगणांत पाहिलंय. २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली.

दुसरा दिवस मिळाला तर एयासी सरोवराकडे उतरा. रस्ता खडबडीत आहे, पण खाली मंगोलाला पोचलात की नाशिककडच्या माणसाला गावी आल्यासारखं वाटेल: वाफ्यांमागून वाफे, पाटाचं पाणी आणि लाल कांदा. भोवती सगळं कोरडं रान. हे पाणी न्गोरोंगोरोच्या डोंगरांचं. वरचं जंगल पाऊस आणि धुकं धरून ठेवतं आणि ते खाली झऱ्यांतून फुटतं. त्याच जंगलातून हत्तीही शेतात उतरतात आणि जंगलाकाठच्या घरांना मका तयार होताना रात्र-रात्र जागून राखण करावी लागते. पर्यटकांना हत्ती दिसावा म्हणून किंमत कोण मोजतं, ते इथे कळतं.

एयासीच्या काठी हाद्झा लोक राहतात, शिकार आणि कंदमुळं-मधावर जगणारे, जेमतेम हजार-बाराशे. एजंट ही भेट ‘शिकार बघा’ म्हणून विकतात. जायचं असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, गावाची ठरलेली फी तिथेच भरा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मला स्वतःला हा भाग अस्वस्थ करतो. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. शेजारच्या दातोगा समाजाच्या लोहारांकडे मात्र जरूर जा. जुनं पितळ वितळवून ते डोळ्यांदेखत कडं घडवतात.

कॉफीची आवड असेल तर ओल्डेआनी डोंगराच्या उतारांवर १९२० च्या दशकात जर्मन वसाहतवाल्यांनी लावलेले मळे आहेत. काही ठिकाणी मळा फिरवून दाखवतात.

बाकी व्यवहाराचं: जून ते ऑगस्ट रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर ठेवा. एप्रिलमध्ये आतले रस्ते चिखलाने बंद पडतात. शाकाहारी असाल तर उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), घेवड्याची उसळ आणि म्चिचा, म्हणजे आपल्या माठासारखी भाजी, साध्या खानावळीतही मिळते. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणा, ते ‘मरहबा’ म्हणतील आणि पुढचं बोलणं सोपं होईल. एजंटला आजच कळवा की करातूला दोन रात्री हव्यात आणि त्यातला एक पूर्ण दिवस गाडी मंगोलासाठी हवी. ऐनवेळी सांगितलं तर ड्रायव्हर त्या रस्त्याला नाही म्हणतात.