वाचकांचे प्रश्न : एमएस आणि सलाईनमधून दिली जाणारी औषधं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते. या वेळी आलेली बहुतेक पत्रं सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल आहेत, म्हणून तीच घेतली आहेत.

प्रश्न : पत्नीला (वय ३४) डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सांगितलं आहे. मेडिकलवाला म्हणतो, हे कॅन्सरचं औषध. आतल्या कागदावर एमएसचं नावच नाही. द्यावं का? आणि त्या दिवशी नेमकं काय करतात? (वाचक, डोंबिवली)

मेडिकलवाल्याचं चुकलेलं नाही, त्याची माहिती अर्धी आहे एवढंच. हे औषध आधी लिम्फोमा या कॅन्सरसाठी आलं. ते रक्तातल्या बी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी) संपवतं, आणि एमएसच्या हल्ल्यात याच पेशींचा मोठा हात असतो. एमएससाठी परवाना काढलेला नसल्यामुळे कागदावर नाव नाही, पण जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत ते एमएससाठी घातलं. याच जातीचं ऑक्रेलिझुमॅब एमएसच्या परवान्यासह मिळतं, पण किमतीत फार अंतर आहे. रिटुक्सिमॅबची भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती स्वस्त औषधं, २००७ पासून बाजारात आहेत, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक घरांना परवडतं ते हेच.

तारीख घेण्याआधी तपासण्यांचे कागद पाहा. हिपॅटायटिस बीच्या दोन चाचण्या लागतात : एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल. दुसरी अनेकदा राहून जाते. जुना, दबून बसलेला संसर्ग फक्त तीच दाखवते, आणि या औषधाने तो उसळला तर यकृत निकामी होऊ शकतं. शिवाय एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, छातीचा एक्स-रे, टीबीची रक्तचाचणी, सीबीसी आणि इम्युनोग्लोब्युलिन जी (संसर्गाशी लढणारं रक्तातलं प्रथिन). शेवटच्या चाचणीचा आजचा आकडा जपून ठेवा. काही वर्षांनी तो घसरू लागला आणि वारंवार संसर्ग होऊ लागले, तर तुलनेला हाच लागतो. लसी राहिल्या असतील तर किमान चार आठवडे आधी उरकून घ्या, कारण बी-पेशी गेल्यावर लस नीट लागू पडत नाही.

त्या दिवशी आधी पॅरासिटामॉलची गोळी, ॲव्हिलसारखं ॲलर्जीचं इंजेक्शन आणि १०० मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, मग साधारण अर्ध्या तासाने मुख्य औषध. पहिल्या वेळी पंप तासाला ५० मिग्रॅवर लावतात आणि दर अर्ध्या तासाने ५० ने वाढवत कमाल ४०० पर्यंत नेतात. या हिशोबाने १००० मिग्रॅला मध्ये कुठे न थांबता सव्वाचार तास लागतात. आधीची आणि नंतरची वेळ धरली की अख्खा दिवस जातो. सहा महिन्यांनी पुढचा डोस १०० वर सुरू करता येतो, मग तासभर वाचतो.

बिनसतं ते बहुधा पहिल्या अर्ध्या ते दोन तासांत. बी-पेशी एकदम फुटतात आणि त्यांतली रसायनं रक्तात उतरतात, म्हणून घसा खवखवतो, कानात खाज येते, अंगावर पुरळ उठतं, हुडहुडी भरते, बीपी उतरतं. सिस्टर पंप थांबवतात, औषध देतात आणि त्रास ओसरल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ‘थोडं खाजतंय, होईल बरं’ म्हणून गप्प बसायचं नाही. घसा खवखवतोय हे पहिल्या मिनिटाला सांगितलं तर प्रकरण तिथेच आटोपतं. सोबत चादर न्या. वॉर्डातल्या एसीची थंडी आणि औषधाची हुडहुडी यांत गल्लत होते.

सुई कोपराच्या खोबणीत लावू देऊ नका. हात वाकला की नळी दबते, पंप बोंबलतो आणि दिवसभर हात सरळ धरून बसावं लागतं. कमी वापराच्या हाताचा पुढचा भाग बरा. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, म्हणजे शीर सापडते. एमएसमध्ये अनेकांना लघवीची घाई असते, त्यात सलाईन आणि पाणी, त्यामुळे खाट बाथरूमजवळची मागा. ती मागायला लाजू नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या सकाळी घ्यायच्या की नाही हे आदल्या दिवशीच विचारा, कारण औषधाने बीपी उतरू शकतं. मधुमेह असेल तर आधीच्या स्टेरॉइडने त्या दिवशी साखर चढणार, हे धरून चाला.

प्रश्न : मेडिक्लेम कंपनीने ‘२४ तास भरती नाही’ आणि ‘औषध प्रायोगिक आहे’ असं लिहून क्लेम नाकारला. आता? (वाचक, मुलुंड)

दोन्ही कारणांना उत्तर आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी घालून दिली. इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (रिटुक्सिमॅब याच गटातलं) त्यात आहे आणि ती भरती होऊन किंवा डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी जाऊन, घेतली तरी चालते. मात्र कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते, उदाहरणार्थ आरोग्य संजीवनी या पॉलिसीत विम्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत. पॉलिसीतला ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ हा मथळा शोधा.

बहुतेक क्लेम अडतात ते रुग्णालयाच्या कागदांमुळे. ओपीडीच्या पावतीवर ‘इंजेक्शन चार्जेस’ एवढंच लिहिलं तर टीपीएवाला (कंपनीसाठी क्लेम तपासणारा) ते ओपीडीतच धरणार. पुढच्या वेळी आधीच बिलिंग काउंटरवर ‘डे-केअर भरती’ करून घ्या. डिस्चार्ज कार्डावर आल्या-गेल्याची वेळ हवी. बिलाला औषधाच्या खोक्यावरचं बॅच नंबर आणि एमआरपीचं लेबल जोडा. न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात निदान, डोस, औषध शिरेतून हळू द्यावं लागतं आणि देताना बीपी, नाडी पाहावी लागते म्हणून घरी किंवा ओपीडीत शक्य नाही, हे स्पष्ट हवं. ‘प्रायोगिक’ या शेऱ्याला त्याच पत्रात जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीचा उल्लेख हेच उत्तर.

आता नाकारलेल्या क्लेमबद्दल. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही.

प्रश्न : मे महिन्यात पाय जड झाले, नजर धूसर झाली. मागच्या वेळी स्टेरॉइडच्या पाच सलाईनने बरं वाटलं होतं. या वेळी घरीच नर्स बोलावून घ्यावं का? (वाचक, लालबाग)

थांबा. शरीराचं तापमान थोडं चढलं तरी आधीच इजा झालेल्या नसांतून संदेश अडखळतात. घामट उकाड्यात, तापात, लघवीच्या संसर्गात जुनीच लक्षणं डोकं वर काढतात. हा खरा हल्ला नव्हे. पंख्याखाली बसलात, गार पाण्याने आंघोळ केलीत आणि तास-दोन तासांत उतरलं, तर स्टेरॉइडची गरज नाही. लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, ताप नसला, तर डॉक्टरांना कळवा आणि लघवीची तपासणी कल्चरसह करून घ्या. लघवीचा संसर्ग जळजळ न होताही असतो, आणि त्यावर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

खरा हल्ला असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, प्रत्येक वेळी सुमारे तासभर. घाईने दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि घरी बोलावलेल्या नर्सकडून हीच घाई होण्याची भीती. तेवढाच डोस तोंडानेही चालतो, पण १६ मिग्रॅच्या गोळ्या धरल्या तर दिवसाला साठाच्या वर होतात. स्टेरॉइडने हल्ला लवकर ओसरतो, शेवटी किती इजा उरणार हे त्याने फारसं बदलत नाही. त्या दिवसांत झोप उडते, तोंडात धातूची चव येते, साखर चढते. आमरसाचा मोसम आहे, तेव्हा मधुमेहींनी वाटी बाजूला ठेवलेली बरी.

प्रश्न : मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर औषध स्वस्त पडतं. विरारपर्यंत कसं न्यावं? (वाचक, विरार)

२ ते ८ अंशांत. थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक ठेवा, पण औषध त्यांना चिकटू देऊ नका, मध्ये कागदाचा जाड थर हवा. गोठलेलं औषध वायाच गेलं, वितळवून उपयोग नाही. घरी फ्रिजच्या दारात किंवा फ्रीझरखाली नको, मधल्या कप्प्यात ठेवा. बाटली जोरात हलवू नका. पक्कं बिल घ्या, आणि रुग्णालय बाहेरून आणलेलं औषध लावतं का, हे विकत घेण्याआधीच विचारा. अनेक खासगी रुग्णालयं लावत नाहीत.

प्रश्न : विमा नाही, मिळकत बेताची. काही मार्ग? (वाचक, शिवडी)

केईएम, नायर, सायन इथे न्यूरॉलॉजी विभाग आहेत. औषध बाहेरून आणावं लागलं तरी खाटेचा खर्च खासगीच्या मानाने अगदी थोडा. दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तेही भरतीच्या आधी. बिल झाल्यावर गेलात तर हात हलवत परत येण्याची शक्यता जास्त. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबईत तिची शाखा आहे, तिथेही चौकशी करा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा.

प्रश्न : गणपतीला कणकवलीला जायचं आहे आणि डोसची तारीख त्याच आठवड्यात येते. (वाचक, ठाणे)

औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब असेल तर आठवडा-दोन आठवडे मागे-पुढे झाल्याने बिघडत नाही, बी-पेशी परतायला महिने लागतात. एमएसच्याच नतालिझुमॅब या औषधाचं तसं नाही. ते दर चार आठवड्यांनी घ्यायचं असतं. काही डॉक्टर मेंदूच्या एका गंभीर संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी अंतर सहा आठवड्यांपर्यंत नेतात, पण ते ठरवून, तो संसर्ग करणाऱ्या जेसी विषाणूची चाचणी पाहून. आपल्या मनाने लांबवलं तर आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारून तारीख आधी ओढून घ्या. गावी ताप-खोकला झाला तर औषध कोणतंही असो, डे-केअरला आदल्या दिवशीच फोन करून सांगा. ताप अंगात असताना सलाईन लावत नाहीत, आणि बाहेरून आणलेली बाटली तोवर उघडायची नाही.